तेलाचे गाव, गुलाबांची बाग

संग्रहालय पाहणे आणि कादंबरी वाचणे यांत मला फारसे अंतर वाटत नाही. दोन्हीकडे कुणीतरी आपल्याला हाताला धरून आत नेतो. काय आधी दाखवायचे आणि काय मागून, कशावर उजेड पाडायचा आणि काय कोपऱ्यात ठेवायचे, हे त्याने आधीच ठरवलेले असते. आणि बाहेर पडताना आपण कोणाची तरी बाजू घेऊनच बाहेर पडतो. मग कादंबरीला विचारतो ते प्रश्न संग्रहालयाला का विचारू नयेत? गोष्ट कोणाची आहे? सांगतो कोण? कोणाच्या तोंडी शब्द दिले आहेत आणि कोणाला मुके ठेवले आहे? शेवट कथेतून उगवला आहे की वरून चिकटवला आहे? मी काही व्यासंगी टीकाकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना मराठी आणि इतिहास शिकवणारा आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर आहे. पण गोष्ट कशी रचतात एवढे मला थोडेफार कळते, आणि तेवढ्याच भांडवलावर मी एका गावाची समीक्षा करायला बसलो आहे.

हे गाव न्यू बेडफर्ड. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या दक्षिणेला ते वसलेले आहे. २०२५ च्या मार्चपासून बोस्टनहून तिथे पुन्हा रेल्वे जाऊ लागली आहे, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी परत असा दिवसभराचा फेरा सहज होतो. माझी धाकटी बहीण बोस्टनजवळ राहते. तिच्याकडे उन्हाळ्यात गेलो असता आम्ही तिघे, मी, बहीण आणि माझी दहा वर्षांची भाची, असा एक दिवस तिकडे घालवला. सकाळी देवमाशांच्या शिकारीचे संग्रहालय आणि दुपारी टेकडीवरच्या जुन्या हवेलीची बाग, असा तिथे जाणाऱ्या बहुतेकांचा शिरस्ता. आमचाही तोच होता.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्यावाचून हाडांना अर्थ नाही आणि गुलाबांनाही नाही. रॉकेल येण्यापूर्वी पाश्चात्य देशांतल्या श्रीमंतांच्या घरांत, दीपगृहांत आणि कितीतरी शहरांच्या रस्त्यांवर दिवे जळत ते देवमाशाच्या तेलावर. त्यातही ‘स्पर्म’ जातीच्या देवमाशाच्या डोक्यात एक पातळ मेणासारखा पदार्थ असतो. बाहेरच्या हवेत तो थिजून पांढरा होतो. त्याच्या मेणबत्त्या इतक्या स्वच्छ आणि एकसारख्या जळत, की १८६० साली इंग्लंडात प्रकाश मोजण्याचे मापच कायद्याने त्या मेणबत्तीवरून ठरवले गेले. दिव्याची शक्ती ‘इतक्या कॅंडल-पॉवरची’ असे आपले वाडवडील म्हणत, त्यातली ती मूळची कॅंडल देवमाशाच्या डोक्यातली! १८५७ साली एकट्या न्यू बेडफर्डची ३२९ गलबते या शिकारीवर होती आणि त्यांवर सुमारे दहा हजार माणसे राबत होती. गावाचे लॅटिन ब्रीदवाक्यच मुळी ‘मी प्रकाश पसरवतो’ अशा अर्थाचे आहे. पुढे १८५९ साली पेन्सिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल निघाले आणि या धंद्याला उतरती कळा लागली. १८७१ साली उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात एकाच मोसमात ३३ गलबते सापडली व सोडून द्यावी लागली. माणसे मात्र सारी वाचली. १९२४ मध्ये ‘वॉंडरर’ नावाचे गलबत न्यू बेडफर्डहून निघाले आणि दुसऱ्याच दिवशी जवळच्या बेटाच्या खडकांवर फुटले. त्यानंतर हा धंदा तिथे जवळजवळ आठवणीतच उरला.

आठवण सांभाळायला माणसे मात्र आधीच पुढे आली होती. १९०३ साली तिथल्या एका इतिहास-मंडळाने हे संग्रहालय उभे केले. त्याचा सर्वांत गाजलेला भाग म्हणजे ‘लगोडा’ नावाच्या शिकारी गलबताची निम्म्या मापाची प्रतिकृती. ती एका प्रचंड दालनात उभी आहे. ८९ फूट लांब, तीन डोलकाठ्या, सारी शिडे आणि दोर जिथल्या तिथे. जगातली सर्वांत मोठी जहाज-प्रतिकृती म्हणून तिची ख्याती आहे. मूळ गलबताचा मालक जोनाथन बोर्न. त्याच्या मुलीने, एमिली बोर्नने, वडिलांच्या स्मरणार्थ हे दालन आणि हे गलबत १९१५-१६ मध्ये बांधवून घेतले. मुले त्यावर चढतात, सुकाणू फिरवतात, छायाचित्रे काढून घेतात. माझी भाचीही चढली.

इथे माझी पहिली तक्रार आहे. प्रतिकृती सुंदर आहे यात शंका नाही, पण ती निम्मी आहे. आणि शाळेतल्या गणिताप्रमाणे लांबी, रुंदी, उंची सारी निम्मी केली की आकारमान आठव्या हिश्शावर येते. या गलबतावर कष्टांचेही तसेच झाले आहे. तीन-तीन, चार-चार वर्षांच्या सफरी, तीसेक माणसांची दाटी, सडलेले अन्न, वल्ह्यांच्या नावेतून सहा माणसांनी साठ फुटी जनावराच्या अंगावर जाणे, हे सारे इथे चिमुकले आणि पॉलिश केलेले होऊन जाते. गलबतावर चरबी कढवायची विटांची भट्टी होती. ती पाहताना मला आमच्याकडचे गुऱ्हाळ आठवले. आपल्या चुलवणात उसाचीच चिपाडे जळतात आणि त्याच उसाचा रस वरच्या काहिलीत कढतो. तिथेही तसेच. चरबी कढून झाल्यावर जो कातडीचा चोथा उरे तोच भट्टीत घालीत. देवमाशाला त्याच्याच सरपणावर शिजवीत. पण गुऱ्हाळावर गुळाचा घमघमाट असतो, आणि या भट्टीचा काळा धूर नि दुर्गंध इतका असे की तो कपड्यांतून जात नसे म्हणतात. संग्रहालयात तो वास नाही. तो आणणे शक्य नाही हे मला कळते. परंतु वास वगळला की आपण धंदा पाहत नाही, धंद्याच्या मालकाची आठवण पाहतो. आणि हे दालन तर मालकाच्या मुलीनेच बांधले आहे. मुलीच्या प्रेमाला कोण नावे ठेवील? फक्त ते प्रेम म्हणजे इतिहास नव्हे, एवढे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

याच्या उलट, संग्रहालयातला मला सर्वांत खरा वाटलेला भाग हा लहानसहान वस्तूंचा आहे. सफरीवर महिनोन्महिने काही घडत नसे. अशा वेळी खलाशी देवमाशाच्या दातांवर सुईने किंवा चाकूच्या टोकाने चित्रे कोरीत आणि त्या रेषांत काजळी भरीत. गलबते, बायका, घरे, फुले. या कोरीव वस्तूंचा इथला संग्रह जगात सर्वांत मोठा समजला जातो. त्यांतच छोट्या छोट्या दातेरी चाकांच्या पुष्कळ वस्तू मांडलेल्या होत्या. मी नुसताच पाहत होतो, पण बहिणीने पाहताक्षणी ओळखले.

“अरे दादा, हे तर आपलं करंजीचं कातणं!”

आणि खरोखरच ते कातणे होते. तिकडच्या बायका पिठाच्या पारीत फळे भरून जो ‘पाय’ करतात, त्याची कड कातरायचे चाक. कुठल्या तरी खलाशाने हजारो मैल दूर, समुद्राच्या मध्यावर बसून, आपल्या बायकोला किंवा आईला घरी गेल्यावर द्यायचे म्हणून देवमाशाच्या दाताचे कातणे घडवले होते. कितीजण ते द्यायला परत आले, आणि कितीजणांच्या पेटीतून ते विकले गेले, हे त्या चाकाला विचारून कळत नाही. पण ‘लगोडा’च्या तीन डोलकाठ्यांनी जे सांगितले नाही ते या चाकाने मला सांगितले. जनावर मारणारा हात आणि करंजीचे कातणे कोरणारा हात एकच होता. चांगल्या कादंबरीत पात्र असेच उभे राहते. ते एकाच रंगात रंगवता येत नाही.

दुसरी गोष्ट हिशोबाच्या वह्यांची. सफरींच्या रोजनिशा या संग्रहालयाने दोन हजारांहून अधिक जमवल्या आहेत. या धंद्यात महिन्याचा पगार नसे, हिस्सा असे. सफर संपली, तेल विकले, खर्च वजा झाला की मालक आपला मोठा वाटा घेई आणि उरलेला खलाशांत वाटला जाई. कप्तानाला निव्वळ उत्पन्नाचा बारावा-पंधरावा हिस्सा मिळे, तर पहिल्याच खेपेला आलेल्या नवख्या पोराच्या वाट्याला दीडशेवा, दोनशेवा, कधी त्याहूनही बारीक तुकडा येई. त्यातून गलबतावर उधारीने घेतलेल्या कपड्यांचे, तंबाखूचे, आगाऊ उचलीचे पैसे व्याजासकट कापून घेत. तीन वर्षे समुद्रावर काढून हातात काही न घेता, किंवा उलट देणे अंगावर घेऊन उतरलेली माणसे होती. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळीला मुकादमाने दिलेली उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

या हिश्शांच्या खालच्या पायरीवर कोण होते? गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक, तिथले मूळचे आदिवासी, अझोर्स आणि केप व्हर्द बेटांवरचे पोर्तुगीज बोलणारे गरीब, पॅसिफिक बेटांवरची माणसे. अझोर्सच्या आणि केप व्हर्दच्या लोकांना संग्रहालयाने आता स्वतंत्र दालने दिली आहेत, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण मला सर्वांत चटका लावून गेली ती लुईस टेंपल या लोहाराची कथा. हा काळा लोहार व्हर्जिनियातून न्यू बेडफर्डला आला होता. पूर्वी भाला देवमाशाच्या अंगात शिरे, पण ओढ बसली की निसटून येई. टेंपलने १८४८ मध्ये भाल्याचे टोक असे घडवले की आत शिरल्यावर ते आडवे फिरे आणि सुटत नसे. या एका लोखंडी तुकड्याने साऱ्या धंद्याची बरकत वाढली. त्याने त्याचा हक्क नोंदवून घेतला नाही. गावातल्या प्रत्येक लोहाराने तसेच भाले घडवले. १८५३ साली एका रात्री रस्त्याच्या कामावर कुणीतरी निष्काळजीपणे टाकून ठेवलेल्या फळीला अडखळून तो पडला, अंथरुणाला खिळला आणि १८५४ मध्ये वारला. साऱ्या जगाला उजेड विकणाऱ्या गावात, ज्याच्या भाल्यावर तो उजेड अवलंबून होता तो माणूस रात्री रस्त्यात अडखळून पडतो! कादंबरीत मी हे लिहिले असते तर संपादकांनी ‘फार जुळवून आणलेले’ म्हणून कापले असते. त्याचा पुतळा गावाने पुढे १९८७ साली वाचनालयासमोर उभारला. संग्रहालयात त्याचा भाला आहेच. माझ्या मते या संग्रहालयाची मधली खोली त्या भाल्याची असायला हवी होती. गलबत बाजूला उभे राहिले असते तरी चालले असते.

आता हाडांविषयी. प्रवेशालाच छताला देवमाशांचे सांगाडे टांगलेले आहेत. त्यांतला एक निळ्या देवमाशाचा, ६६ फूट लांबीचा, आणि तोही वाढीच्या वयातल्या पोराचा. हा कोणी शिकार करून आणलेला नाही. १९९८ साली एका टॅंकर जहाजाच्या नाळेवर अडकून तो शेजारच्या ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्याशी आला. जहाजावरच्या कोणाला धक्काही जाणवला नव्हता म्हणतात. त्याच्या हाडांतून अजून तेल पाझरते. संग्रहालयाने ते पुसून टाकलेले नाही. नळी लावून एका काचपात्रात ते जमू दिले आहे.

भाचीने विचारले, “मामा, मेल्यावरसुद्धा तेल संपत नाही याचं?”

तिच्या आईने सांगितले, “मोठं जनावर ना, हाडांतच साठवलेलं असतं.” मी काही बोललो नाही.

शेजारी ‘राइट व्हेल’ जातीच्या मादीचा सांगाडा आहे. २००४ साली तीही जहाजाच्या धडकेने मेली. ती गाभण होती. तिच्या पोटातल्या पिलाचा सांगाडाही तिथेच मांडला आहे. तिची ही जात उत्तर अटलांटिकमध्ये आज चारशेहूनही कमी उरली आहे असा अंदाज आहे. माझ्या दृष्टीने या संग्रहालयाचे सर्वांत मोठे वाङ्मयीन यश इथे आहे. इतर सारी दालने भूतकाळात बोलतात: असे होते, असे करीत, असे मारीत. आणि आपण ऐकताना मनातल्या मनात सुखावतो की बरे झाले, तो काळ संपला, आपण तसे नाही. ही दोन हाडांची माणसे, मी मुद्दामच माणसे म्हणतो, वर्तमानकाळात बोलतात. भाला गेला, जहाजे राहिली. पूर्वी तेलासाठी मारीत, आता घाईत मारतात. जे संग्रहालय पाहणाऱ्याला निर्दोष सोडत नाही ते चांगले, असे मी समजतो.

संग्रहालयासमोरच खलाशांचे प्रार्थनामंदिर आहे. ते १८३२ सालचे. आतल्या भिंतींवर समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्यांच्या नावाचे दगड आहेत. त्यांत शिकारी खलाशांच्या जोडीला नंतरच्या काळातल्या कोळ्यांचीही नावे आहेत. हर्मन मेलव्हिल हा तरुण १८४१ च्या जानेवारीत समोरच्या किनाऱ्यावरून अशाच एका सफरीवर गेला आणि पुढे १८५१ साली त्याने ‘मोबी डिक’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. त्या कादंबरीत या मंदिराचा प्रसंग आहे आणि त्यातले प्रवचनाचे व्यासपीठ जहाजाच्या नाळेसारखे आहे. प्रत्यक्षात तसले व्यासपीठ इथे नव्हतेच! ते मेलव्हिलच्या कल्पनेतले. पण १९५६ साली कादंबरीवर चित्रपट निघाला, लोक मंदिर पाहायला येऊ लागले आणि ‘नाळ कुठे आहे?’ असे विचारीत हिरमुसले होऊन जाऊ लागले. तेव्हा १९६१ मध्ये नाळेच्या आकाराचे व्यासपीठ करून बसवले. हे कोणी लपवून ठेवत नाही. कादंबरीकार म्हणून मला हसू आले आणि थोडा अभिमानही वाटला. लेखकाच्या खोट्याला सुताराने खरे करावे, यापरता मोठा पुरस्कार कोणता? परंतु शिक्षक म्हणून मला ते खटकले. भिंतीवरची नावे खऱ्या बुडालेल्या माणसांची आहेत. त्यांच्यासमोर लोक पाठ करून उभे राहतात आणि लाकडी नाळेचे छायाचित्र घेतात.

मग आम्ही चढ चढून बागेकडे गेलो. धक्क्यापासून गाव वर चढत जाते आणि वरच्या कण्यावर काउंटी रस्ता आहे. तेलाचा पैसा ज्यांच्या हाती आला त्यांनी धक्क्याच्या वासापासून दूर, वाऱ्यावर, आपल्या हवेल्या इथे बांधल्या. त्यांतली रॉच-जोन्स-डफ हवेली १८३४ सालची. विल्यम रॉच धाकटा याने ती वयाच्या पंच्याहत्तरीत बांधली. त्यानंतर जोन्स आणि डफ अशी आणखी दोन घराणी तिथे नांदली आणि १९८० च्या दशकात तिचे संग्रहालय झाले. सभोवतालची सारी चौकट, एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत, बागेची आहे. कातरलेल्या ठेंगण्या हिरव्या कुंपणांत गुलाबांचे वाफे, लाकडी जाळीचा मंडप, रानफुलांची पायवाट. उन्हे उतरू लागली होती. बहिणीने बाकावर डबा उघडला. भाची पायवाटेवर पळत सुटली.

रॉच घराण्याचे लोक क्वेकर पंथाचे. युद्ध करू नये, शस्त्र धरू नये, माणसाने माणसाला गुलाम करू नये, असे मानणारे. ही नुसती बोलण्याची गोष्ट नव्हती. गुलामगिरीतून पळालेल्यांना या गावाने आसरा दिला. पुढे थोर वक्ता म्हणून गाजलेला फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये इथेच आला आणि या बागेपासून फार दूर नसलेल्या एका काळ्या जोडप्याच्या घरी राहिला. गलबताच्या फळ्यांतल्या फटी बुजवण्याचे काम त्याला येत होते, पण गोऱ्या कारागिरांनी त्याच्याबरोबर काम करायला नकार दिला म्हणून त्याला मिळेल ती हमाली करावी लागली. अशा या गावात शांततेचे व्रत घेतलेले सज्जन जगातल्या सर्वांत मोठ्या जनावरांच्या कत्तलीवर श्रीमंत झाले. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. त्या काळी देवमासा हा मासाच समजला जाई. त्याच्या वेदनेचा विचार कोणाच्या धर्मग्रंथात नव्हता. करुणेचेही एक कुंपण असते आणि प्रत्येक पिढी ते जिथे घालते तिथून पलीकडचे तिला दिसत नाही.

पण बागेविषयी माझी जी तक्रार आहे ती याहून वेगळी. हवेलीत या घराण्यांचा इतिहास मांडलेला आहे, लपवाछपवी नाही. तरीही बाग मनावर असा परिणाम करते की तो इतिहास वाचूनही वाचल्यासारखा होत नाही. सौंदर्याचे हे सामर्थ्य आहे आणि हाच त्याचा दोष आहे. पाटीवर लिहिलेले सत्य आणि गुलाबाचा वास यांची झुंज लागली तर गुलाब जिंकतो. सकाळी हाडांतून गळणारे तेल पाहून आलेलो आम्ही, दुपारी त्याच तेलावर वाढलेल्या बागेत डबा खाऊन तृप्त झालो. दिवसाच्या रचनेनेच आम्हाला माफी देऊन टाकली. शोकांतिकेनंतर लगेच प्रहसन लावावे आणि प्रेक्षकाने हसत घरी जावे, तशी ही मांडणी आहे.

बागेला दुसरी बाजूही आहे, ती न सांगणे अन्याय होईल. याच रॉचचा जावई जेम्स आर्नोल्ड. त्याचीही याच रस्त्यावर बाग होती आणि ती तो लोकांना पाहायला खुली ठेवी. तो १८६८ साली वारला. त्याने मागे ठेवलेल्या पैशातून १८७२ साली बोस्टनमध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे ‘आर्नोल्ड आर्बोरेटम’ हे वृक्षोद्यान उभे राहिले. २८१ एकरांचे हे उद्यान आजही लोकांना फुकट खुले आहे. जगभरची झाडे तिथे लावली, अभ्यासली जातात. देवमाशाच्या चरबीचे झाड झाले, झाडाची सावली सर्वांची झाली. मग हिशोब चुकता झाला का? मला वाटते, नाही. दान हा हिशोबाचा शेवटचा आकडा असतो. वरच्या साऱ्या ओळी पुसायला त्याचा उपयोग करू नये.

हे परक्या गावाचे हिशोब मी आपल्या दिवाळीत कशाला मांडतो आहे, असे कोणी विचारील. दोन कारणे आहेत. पहिले असे की हा धागा आपल्यापर्यंत येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी करण्यासाठी उत्तरेच्या सरकारने जुनी शिकारी गलबते विकत घेतली, त्यांत न्यू बेडफर्डची बरीच होती. ती दगडांनी भरून चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी बुडवली. त्या नाकेबंदीने दक्षिणेचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशांचा पूर आला. त्या पुरात मोठे झालेल्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. टॉवर आपण सगळे पाहतो. कापूस पिकवणारा वऱ्हाड-खानदेशातला शेतकरी आणि भाव कोसळल्यावर त्याचे काय झाले, हे त्या टॉवरपाशी उभे राहून कितीजणांच्या मनात येते? पुण्याच्या केळकर संग्रहालयातले जुने दिवे पाहून आपण थक्क होतो. पण दिवा कोणी घडवला याच्या पुढे जाऊन, त्यात तेल कोणते होते, ते कोणी गाळले आणि तो दिवा कोणाच्या घरी लागत नव्हता, हे आपण विचारत नाही. वाडे, बागा, किल्ले यांना आपण ‘वारसा’ म्हणतो. वारसा म्हटला की देणीही वारसाकडेच येतात, हे आपल्या कायद्याला ठाऊक आहे, मनाला नाही.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू येऊन पडले. गावकरी, सरकारी माणसे, पर्यटक यांनी त्याच्या अंगावर पाणी ओतले, दोर लावले, दीड-दोन दिवस खटपट करून त्याला समुद्रात लोटले. ते वाचले नाही. पण फराळ सोडून चिखलात उभे राहिलेल्या त्या माणसांना त्या जनावराकडून तेल नको होते की पैसा नको होता. आणि त्याच कोकणपट्टीत देवमाशाच्या पोटातल्या अंबराचा चोरटा व्यापार पकडल्याच्या बातम्याही आपण वाचतो. एकाच किनाऱ्यावर दोन्ही प्रकारचे हात आहेत, न्यू बेडफर्डच्या खलाशाचे होते तसेच. उद्या आपल्या कोणी कोकणात समुद्राचे संग्रहालय उभारले, आणि ते उभारावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, तर त्यात मोठे गलबत जरूर असावे. पण त्या ओल्या वाळूत उभ्या राहिलेल्या माणसांनाही जागा असावी आणि अंबर विकणाऱ्यांनाही.

एकूण विचार करता न्यू बेडफर्डचे हे संग्रहालय मी पहिल्या दर्जाचे मानतो, निम्म्या गलबतासकट. बागही पाहावी, तिच्याइतकी निगा राखलेली जुनी बाग मी दुसरी पाहिलेली नाही. फक्त आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत आणि जे कधी तिथे जातील, त्यांना वाचक म्हणून माझी एकच सूचना आहे. हे पुस्तक उलटे वाचावे. सकाळी आधी टेकडीवर जावे, गुलाब पाहावेत, मंडपात बसून डबा खावा, मन प्रसन्न करून घ्यावे. मग रस्ता उतरत खाली यावे, वाटेत वाचनालयासमोर टेंपलच्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबावे आणि दुपारी संग्रहालयात शिरावे. पाय दमलेले असले तरी हरकत नाही, सारा उतारच आहे. आणि दार उघडताच डोक्यावर ती हाडे असतील.